पारकरबाईंचं रेशीम

पोथीवरचं रेशमी वस्त्र सुरुचीने शनिवारी सकाळी सोडलं आणि दहाच्या आत घरात दोन पक्ष पडले.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड धरून उन्मेष बायकोला, सुरुचीला, आणि लेकीला घेऊन मिल्टनहून हॅलिफॅक्सला आईकडे आला होता. घर विकलं होतं. महिनाअखेर शीलाताई लेकीकडे, अस्मिताच्या काँडो फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या. काल दिवसभरात बेसमेंट उपसलं, राजनरावांची पुस्तकं खोक्यांत गेली, बर्फाची तीन फावडी आणि विंटर टायर्सचे दोन सेट शेजाऱ्यांकडे गेले. राजनरावांना जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचे टायर्स काढायचा धीर कुणाला झाला नव्हता. एवढ्या सगळ्यात बहीणभावाचा एकदाही खटका उडाला नाही, हे नवलच म्हणायचं. देवघर तेवढं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

वस्त्र वीतभर रुंद आणि हातभर लांब. कधी काळी पांढरं असावं, आता सायीच्या रंगाचं झालेलं, कडेला गुलाबी झालर. त्यावर जांभळ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर छापलेला होता, आणि तो या घरात कुणी कधी वाचला नव्हता. पोथीपुढे मुलं उभी राहायची ती डोळे मिटून. अस्मिताची तर लहानपणी ठाम समजूत होती की ती इंग्रजीतली आरती आहे. सुरुची लग्न होऊन पुण्याहून आली तेव्हा तिने सासूला विचारलं होतं, असलं छापील कापड पोथीला कसं चालतं? शीलाताई म्हणाल्या, "रेशीम आहे. रेशमाला विटाळ नाही." त्यावर सुरुचीने पुढे काही विचारलं नाही.

वाचलं ते केयाने, म्हणजे उन्मेषच्या लेकीने, गेल्या ऑगस्टमध्ये. 'मरीनर्स पॅलेस ऑफ व्हरायटीज. मिस लिली ग्रँट हिच्या सन्मानार्थ खास खेळ. १४ मार्च १९०१.' खाली बारा बाबी. विनोदी गाणी, एक जादूगार, सायकलवर कसरती करणारे दोघे भाऊ, आणि सातव्या क्रमांकाला 'प्रोफेसर डॉब्ज यांचा सुशिक्षित कुत्रा'. तिकडे इंग्लंडात त्या काळी असले म्युझिक हॉल गावोगाव होते, आणि एखाद्या लाडक्या गायिकेचा खास खेळ असला की कार्यक्रमपत्रिका कागदाऐवजी रेशमावर छापून मानाच्या पाहुण्यांना आठवण म्हणून देत, हेही तिने शोधून काढलं. थोडक्यात, पन्नासहून अधिक वर्षं या घराने रोज सकाळी सुशिक्षित कुत्र्याला नमस्कार केला होता.

केयाने फोटो काढला, आजीला हे तिच्या घरमालकीण मिसेस पार्कर यांनी दिलं असं खाली लिहिलं, आणि जुन्या हॅलिफॅक्सच्या आठवणींचा फेसबुकवर कसलासा ग्रुप आहे त्यावर टाकला. आठवड्याभरात खाडीपलीकडच्या डार्टमथहून जोअन नावाच्या बाईंचं उत्तर आलं. लिली ग्रँट माझी पणजी. तुम्ही ज्यांच्या घरी भाड्याने राहत होता त्या मिसेस पार्कर माझी आजी. मला ते रेशीम एकदा बघता येईल का?

आणि उन्मेषने तिला आज दुपारी बाराला बोलावलं होतं, बहिणीला न सांगता.

"हात दाखवून अवलक्षण," अस्मिता भाचीकडे बघून म्हणाली. मग भावाकडे वळली. "आणि तू? मला एक टेक्स्ट करता आला नाही?"

"तिला फक्त बघायचंय, अस्मी."

"फक्त बघायला कुणी फेरीबोट पकडून येत नाही."

"मग देऊन टाकू. तिच्या पणजीचं नाव आहे त्याच्यावर. आपलं काय आहे त्यात?"

अस्मिताने हातातलं खोकं खाली ठेवलं. आपलं काय आहे, हा प्रश्न भावाने विचारावा याचंच तिला वाईट वाटलं. ते वस्त्र मिसेस पार्करनी आईला दिलं होतं. मागून घेतलेलं नव्हतं, चोरलेलं नव्हतं. वडील गेल्यावर आई महिनाभर धड जेवत नव्हती, पण सकाळी ते रेशीम उलगडायला मात्र उठत होती. हे उन्मेषला मिल्टनमध्ये बसून कुठून दिसणार? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं तिने त्याला ऐकवलंदेखील.

यानंतर जे झालं ते या घरात अठ्ठ्याण्णव सालापासून, सुरुची लग्न होऊन आल्यापासून, झालं नव्हतं. सुरुचीने नणंदेची बाजू घेतली. या दोघींचं चहात साखर किती यावरही कधी एकमत झालेलं नव्हतं. पण सुरुची म्हणाली की देवाजवळचं वस्त्र घराबाहेर देत नाहीत, मग त्यावर कुत्रा असो की मांजर. केया लगेच वडिलांकडे गेली.

"इट्स हर फॅमिली, आत्या. वी'व्ह हॅड अवर टर्न."

"टर्न काय, लायब्ररीचं पुस्तक आहे ते?" अस्मिता म्हणाली. तिला मिसेस पार्कर पुसटशा आठवत होत्या. पुसट आठवणीतलीही एक गोष्ट स्वच्छ होती. आईने लाडवांचा डबा पुढे केला की म्हातारी 'नो थँक्यू' म्हणायची आणि दोन लाडू उचलायची. अस्मिताला तेव्हा ती भारी चावट वाटायची.

मग चौघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं. शीलाताई ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर कढईत बेसन खमंग भाजून तयार होतं.

"आई, तूच सांग आता," उन्मेष म्हणाला.

"बारा वाजता येणार ना ती? मग आधी लाडू वळून घेऊ."

"म्हणजे तुला माहीत होतं?" अस्मिताने विचारलं.

"मीच म्हटलं त्याला, बोलाव म्हणून. तुला सांगायचं राहिलं." शीलाताईंनी पिठीसाखर चाळायला घेतली. "राहिलं नाही. सांगितलं नाही. तू नको म्हणाली असतीस, आणि मलाही ते पटलं असतं."

•

लाडू वळता वळता शीलाताईंचं मन एकोणसत्तर सालात गेलं होतं. हे रेशीम हातचं जाऊ नये असं त्यांनाही वाटत होतं, अस्मितापेक्षा काकणभर जास्तच. पण गेले दोन महिने एक गोष्ट त्यांना खात होती. ज्या बाईची ही एकच ठेव, तिच्या नातीला ती फोटोत बघावी लागली.

राजन टेक्निकल कॉलेजात शिकवत होता. त्याने मिरजेला आईला पत्र लिहिलं की आम्ही मिसेस पार्कर यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो. सासूबाईंनी वाचलं, पारकर. त्यांचा जीव भांड्यात पडला. उलटटपाली उत्तर आलं: पारकर म्हणजे तळकोकणातले, मासे खात असतील, असोत. परमुलखात आपलं माणूस भेटलं हे काय थोडं झालं? कुणी तिकडे येणारं मिळालं की रेशमी खण पाठवते. शीलेने पारकरबाईंची ओटी भरावी.

राजन पोट धरधरून हसला. शीलाला हसू आलं नाही. ती चोवीस वर्षांची होती, आणि आपलं माणूस भेटलं हे सासूबाईंचं चुकीचं वाक्य तिला अगदी बरोबर वाटलं होतं. जानेवारीत ती तापाने अकरा दिवस पडून होती. तेव्हा त्या बाईने तिच्या हातवाऱ्यांवरून मऊ भात शिजवायला शिकून घेतलं होतं आणि अकरा दिवस न चुकता वर आणून दिला होता. पहिले दोन दिवस त्यात साखर होती. बर्फावरून कसं चालायचं हेही त्यांनीच शिकवलं, मागे उभं राहून, तिच्या कोटाचा पट्टा हातात धरून.

एप्रिलमध्ये कुणाबरोबर तरी खण आला. मिस्टर पार्कर युद्धात बोटीबरोबर बुडाले होते, आणि विधवेची ओटी भरत नाहीत हे शीलाला पुरतं ठाऊक होतं. सासूबाई मिरजेला होत्या. ती खाली गेली आणि ओटी भरली. पदर नव्हता म्हणून मिसेस पार्करनी अ‍ॅप्रन पसरला. नारळ मिळेना म्हणून सफरचंद घातलं. आमच्याकडे दिलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, असं शीलाने मागे कधीतरी अ‍ॅपल पायची थाळी परत देताना राजनच्या तोंडून त्यांना सांगितलं होतं. ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आल्या. तू मला रेशीम दिलंस, म्हणाल्या, माझ्याकडे रेशीम एवढंच आहे. माझ्या आईचं.

शीलाला खूप सांगायचं होतं. आमच्यात घरच्या माणसाला आभार म्हणत नाहीत, आभार परक्याचे मानायचे. तुम्ही मला आईच्या जागी, तुम्हाला कसलं थँक्यू? एवढं सगळं सांगायला तिच्याजवळ इंग्रजी होतं तीन शब्दांचं.

"नो थँक्यू," ती म्हणाली.

मिसेस पार्करनी कागदाची घडी पुन्हा नीट केली आणि खाली निघून गेल्या. दार त्यांनी हळू लावलं.

संध्याकाळी राजन आला आणि शीलाने झालेलं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. बूटही न काढता तसाच खाली गेला. बऱ्याच वेळाने जिन्यावर दोघांची पावलं वाजली. मिसेस पार्कर दारात आल्या, पुडकं शीलाच्या हातात ठेवलं, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "नो थँक्यू टू यू टू, डिअर."

तेव्हापासून दोघींत तेच चाललं. शीलाताईंनी स्वतःचं घर घेतलं, मुलं झाली, तरी मिसेस पार्करच्या घरी जाणंयेणं राहिलं. लाडू दिला, नो थँक्यू. स्वेटर विणून दिला, नो थँक्यू. पंच्याऐंशी साली शीलाताई सासूबाईंच्या आजारपणासाठी मिरजेला गेल्या आणि परत आल्या तेव्हा मिसेस पार्करना पुरून तीन आठवडे झाले होते. त्यांचं शेवटचं नो थँक्यू तेवढं राहिलं.

"थँक्यू आई," मागून उन्मेष म्हणाला. त्याने ताटातला एक लाडू उचलला होता. तो नेहमीच म्हणायचा. फोन ठेवतानाही म्हणायचा. इथे बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, तसंच तो आपल्याला म्हणतो, असं शीलाताईंना दर वेळी वाटायचं. मुलाचा दोष नव्हता. तो इथे जन्मला होता आणि चांगल्या वळणाचा होता.

•

जोअन बाराला पाच कमी असताना आली. साठी ओलांडलेली, उंच, अंगात रेनकोट, गळ्यात निळा रुमाल, हातात पम्पकिन पायचं खोकं. आयुष्यभर शाळेची बस चालवून आता निवृत्त झाली होती. अस्मिताने दार उघडलं ते भांडायच्या तयारीने. पण या बाईने बूट काढताना आपण होऊन विचारलं की मोजे ओले आहेत, चालतील का? तिच्याशी भांडण कुठून सुरू करावं ते अस्मिताला कळेना.

रेशीम टेबलावर उलगडून ठेवलं होतं. जोअन दोन्ही हात पाठीमागे धरून वाकून वाचत राहिली. लिली ग्रँटच्या नावापाशी ती थांबली. कुत्र्यापाशी हसली.

"डिड युअर ग्रँडमा टॉक अबाउट इट?" केयाने विचारलं.

नाही, जोअन म्हणाली. तिच्यापाशी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी शेवटी आम्ही तितक्या जवळ नव्हतो. मग कुणी विचारलं नसताना ती पुढे सांगू लागली. घर चाळीस वर्षं बंद ठेवावं आणि कुणीतरी सहज किल्ली पुढे करावी, तसं झालं असावं.

ती तेव्हा बावीस वर्षांची होती. आजी हॉस्पिटलात होती आणि घरच्यांपैकी जोअन एकटीच रोज जायची. एक दिवस तिने आजीचे केस धुतले आणि फणी घेऊन विंचरायला बसली. केस विरळ झाले होते, गुंता होता. आजीने तिचा हात धरला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नो थँक्यू, डिअर." जोअनला वाटलं आपला हात जड आहे, दुखलं असेल. तिने फणी ठेवली. आजीने पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा ती उठली, कोट घातला आणि बसने घरी गेली. दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"शी डिडन्ट वॉन्ट मी देअर," ती म्हणाली. "आय मेड माय पीस विथ इट." तिच्या तोंडाकडे बघून ते खरं वाटत नव्हतं.

शीलाताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "व्हॉट शी सेड? एक्झॅक्टली?"

जोअनने पुन्हा सांगितलं.

"नो, नो. शी वॉज नॉट..." शीलाताईंचं इंग्रजी एरवी चांगलं होतं, पन्नास वर्षं त्यांनी याच गावात बँकेपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना इंग्रजीत गप्प केलं होतं. आत्ता मात्र ते चोवीस वर्षांच्या शीलाएवढं उरलं. त्या लेकीकडे वळल्या. "अस्मे, तू सांग तिला. मी बोलते, तू सांग."

म्हणून ती गोष्ट अस्मिताच्या तोंडून गेली. आईने एक वाक्य बोलायचं, तिने ते इंग्रजीत सांगायचं. मिरजेच्या आजीने पार्करचं पारकर वाचलं इथपासून सुरुवात झाली. भातातली साखर, कोटाचा पट्टा, अ‍ॅप्रन, सफरचंद. आपण काय भाषांतर करतो आहोत हे अस्मिताला हळूहळू कळत गेलं, कारण तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. लाडू उचलणारी चावट म्हातारी तिच्या डोळ्यांपुढे आली.

"सांग तिला," शीलाताई म्हणाल्या, "आमच्या दोघींत ते घरच्या माणसाला म्हणायचं होतं. नर्सला ती नुसतं थँक्यू म्हणाली असेल. तुला म्हणाली नाही."

अस्मिताने जोअनच्या दंडावर हात ठेवला आणि सांगितलं. शी सेड थँक्यू टू स्ट्रेंजर्स. यू वेअर हर्स.

जोअन खुर्चीत बसली आणि मोठ्याने, लहान मुलीसारखी रडली. उन्मेष खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खोलीत ज्याला त्याला रडू आलं होतं, आणि त्यात दुःख फार थोडं होतं.

शीलाताईच आधी सावरल्या. "सुरुची, वाटीभर तांदूळ आण. आणि एक सफरचंद."

सुरुची उठली आणि घोटाळली. तिच्या मनात काय आलं ते सगळ्यांना कळलं. राजनराव गेल्यापासून, ती इथे आली की, या घरातल्या ओट्या तीच भरत होती. "आई, मी भरू का?"

"नको. मीच भरते."

सुरुची आत गेली आणि तांदूळ, सफरचंद, आणि न मागता हळदकुंकवाचा करंडाही घेऊन आली. केयाने जोअनला रेनकोटाचा घोळ कसा धरायचा ते दाखवलं. रेशमाची घडी अस्मिताने घातली, जुन्याच घडीवर, आणि आईच्या हातात दिली. शीलाताईंनी कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, त्यावर सफरचंद, त्यावर लिली ग्रँट.

टेबलावर पोथी उघडी राहिली होती. जोअनचं तिकडे लक्ष गेलं. भांडं रिकामं परत करत नाहीत हे तिने आत्ताच ऐकलं होतं. तिने गळ्यातला निळा रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

सुरुचीने सवयीने तो अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिला. "आई," ती हळूच म्हणाली, "पॉलिएस्टर आहे."

सगळे शीलाताईंकडे बघू लागले.

"चालेल," शीलाताई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातांनी पोथी त्यात गुंडाळली.

•

जोअनला फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत सोडायला अस्मिता गेली. कोटाखाली घडी जपत जोअन गाडीत बसली तेव्हा तिच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. ते पुसायला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

घरात खोकी तशीच अर्धवट पडली होती. सुरुचीने चहा टाकला आणि नणंदेच्या कपात अर्धा चमचा साखर कमी घातली, ती येईल तेव्हाकरता. केया पोथीशेजारी बसून रुमालावरची निळी फुलं मोजत होती. शीलाताई लाडवांचं ताट घेऊन उन्मेषपाशी आल्या. तो अजून खिडकीशीच उभा होता. आपण सकाळी विचारलं होतं, आपलं काय आहे त्यात. ते त्याला आठवत असावं.

"घे."

"थँ..." उन्मेष म्हणाला आणि थांबला. पंचावन्न वर्षांचा तो माणूस आईकडे बघत राहिला.

"नो थँक्यू, आई," तो म्हणाला, आणि दोन लाडू उचलले.